शेऱ्याचा रकाना

२०१९चा जुलै. हरारेत मी मूल्यांकनाचं काम करत होतो. २००० नंतर झिंबाब्वे सरकारने घेतलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या शेतांच्या फायली आमच्या टेबलावर होत्या. भरपाई जमिनीची नाही, तिच्यावर जे उभारलं फक्त त्याची. २०१३च्या राज्यघटनेतच तसं आहे. म्हणजे घर, तंबाखू सुकवायच्या भट्ट्या, बोअर, कुंपण, धरण.

त्या दिवशी माशोनालँड वेस्ट प्रांतातलं शेत होतं. मालकाची फाईल व्यावसायिक शेतकऱ्यांच्या संघटनेमार्फत आलेली. नकाशे, हवाई फोटो, विटांच्या पावत्यासुद्धा. नाशिकला भूसंपादनाची कामं करताना इतकी नीटस फाईल मी कधी पाहिली नव्हती. या लोकांनी राजकारणात सपाटून मार खाल्ला असेल, पण कागद जपावेत तर त्यांनी.

जागेवर भट्ट्यांचे पत्रे नव्हते, गरम हवेचे नळही कुणी उपटून नेलेले. भिंतीतल्या वाशांच्या खाचा मोजून तंबाखू किती थरांत टांगत, ते काढलं. आता तिथे मका पिकवणारी बाई कडेला उभी होती. तिच्याकडे सरकारी वाटपपत्र होतं, तरी विचारलंच, "मोजताय म्हणजे आम्हाला उठवणार?"

धरण मातीचं. भिंतीशी पाण्याची रुंदी २४० मीटर, पाणी मागे पसरतं ७००, खोली ९. तिन्हींचा गुणाकार भागिले सहा, २,५२,००० घनमीटर. ढोबळ सूत्र, पण हाताशी दुसरं काही नसलं की हेच कामी येतं. सांडव्याचं पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, अजून शाबूत होतं. बांधणाऱ्याला मनातल्या मनात दाद दिली.

तेवढ्यात एक म्हातारे काठी टेकत आले. वडील मलावीहून आलेले, ते स्वतः याच शेतावर जन्मलेले. भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही माती आम्ही वाहिली. मलाही लिहा."

माझा तरुण सहकारी ओशाळून म्हणाला, "सेकुरू, त्याचा फॉर्म नाही." सेकुरू म्हणजे आजोबा.

जमीन वाटतानाही त्यांचा नंबर लागला नव्हता. इथले असूनही ते परकेच ठरले. मालकाकडे संघटना होती, नव्या लोकांकडे वाटपपत्र. यांच्याकडे रेशनच्या मक्याची जुनी वही.

आमच्या आजोबांची अकरा एकर कुळकायद्यात गेली. १ एप्रिल १९५७ ही तारीख आमच्या घरी तेराव्यासारखी उच्चारतात. मीही लहानपणी त्या कुळाचा राग राग केला. पण त्याचं नाव निदान सातबाऱ्यावर, पीकपाहणीत होतं. तलाठ्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या. त्या दिवशी एखादा तलाठी तिथे असता तर बरं झालं असतं, असं वाटलं.

संध्याकाळी शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'भराव शेतमजुरांनी हाताने घातला, एक साक्षीदार हयात.' साहेबांनी लाल पेनने खोडलं, 'गैरलागू'. नियमाने त्यांचंच बरोबर होतं, म्हणून मी वादही घातला नाही. घालायला हवा होता की काय, हे अजून ठरत नाही.

२९ जुलै २०२० रोजी सरकार आणि त्या शेतकऱ्यांत भरपाईचा करार झाला, साडेतीन अब्ज अमेरिकी डॉलरचा. निम्मे वर्षभरात मिळायचे होते. पहिले पैसे निघाले २०२५ साली, मंजूर रकमेच्या एक टक्का रोख आणि बाकी सरकारी रोखे. ती फाईल त्यात होती का, माझ्या जुन्या सहकाऱ्याला विचारलं. त्याला आठवेना. म्हाताऱ्यांचं नाव मात्र त्याने लगेच सांगितलं.