पद्मिनीचे ब्रेक आणि पुढचं अंतर

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. पुढची नवी गाडी डिस्क ब्रेकवर जागच्या जागी थांबते, आपली थांबत नाही. म्हणून पुढच्या गाडीपासून किमान चार सेकंदांचं अंतर ठेवा. ताशी ६० किमी वेगाला ते साधारण ६७ मीटर होतं. मध्ये कुणी घुसलाच तर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा मागे राहा, ईर्ष्या नको.

वरंध घाट उतरताना ज्या गिअरवर चढलो असतो त्याच गिअरवर उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ड्रम तापून फुगतो, लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) पकड सोडतात आणि पेडल खाली जातं. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, मग ते लवकर उकळून बुडबुडे होतात. दर दोन वर्षांनी बदलाच. पाण्यातून गेल्यावर हळू चालवत ब्रेक हलका दाबून ड्रम सुकवा.

ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते? शूची (लायनर बसवलेल्या पट्टीची) ॲडजस्टमेंट असमान असेल, नाहीतर शू ढकलणारा व्हील सिलिंडर गळून लायनर तेलकट झालेला असेल. चाकं लॉक झाली तर स्टिअरिंग ऐकत नाही. पेडल क्षणभर सोडा, गाडी वळवा, पुन्हा दाबा.

मला सगळ्यात जास्त काळजी मागून येणाऱ्यांची वाटते. जुने ब्रेक लाइट मिणमिणते असतात. बहुतेकदा दोष अर्थिंगचा निघतो: होल्डर आणि बॉडीचा सांधा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. सिग्नलआधी पेडल दोनदा हलकं टेकवा, मागच्याला लवकर कळतं.