नॅचरल सेंटेड कॅन्डल घेताना आधी लेबल वाचा, वास नंतर

सेंटेड कॅन्डल घेताना बहुतेक जण झाकण उघडतात, नाक लावतात आणि वास आवडला की लगेच घेऊन टाकतात. पण गार मेणाचा वास वेगळा आणि पेटवल्यावर खोलीत पसरतो तो वेगळा, त्यामुळे अरोमाथेरपीसाठी, म्हणजे सुगंधाने मन शांत व्हावं म्हणून, घेत असाल तर आधी जार उलटा करून मागचं लेबल वाचा असं मी सगळ्यांना सांगते.

पहिलं बघायचं ते मेण. पॅराफिन पेट्रोलियमपासून बनतं, सोय वॅक्स सोयाबीनच्या तेलापासून. "सोय ब्लेंड" लिहिलं असेल आणि बाकी काय मिसळलंय ते सांगितलं नसेल तर मी ती कॅन्डल परत ठेवते, कारण त्यात निम्म्याहून जास्त पॅराफिनसुद्धा असू शकतं. मधमाशीचं मेण मला फार आवडतं पण त्याला स्वतःचाच मधासारखा वास असतो, लॅव्हेंडरसारखे हलके वास त्यात दबून जातात, म्हणून ते वरून वास न घातलेलंच घ्यावं. आणि हो, नॅचरल मेण असलं की काजळी धरत नाही असं अजिबात नाही हं, वात लांब राहिली किंवा पंख्याचा वारा लागला की कुठलंही मेण काळा धूर सोडतं.

आता खरा मुद्दा, वास कशाचा आहे? नुसतं "फ्रेग्रन्स" लिहिलेलं असेल तर त्यात काय काय आहे ते आपल्याला कळायला मार्ग नाही. इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीतून काढलेलं सुगंधी तेल, वापरलं असेल तर चांगले बनवणारे वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव देतात, उदाहरणार्थ लॅव्हेंडरसाठी लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया, आणि ते दिसलं की मला जरा विश्वास वाटतो. स्ट्रॉबेरी, समुद्राची हवा, ताजे धुतलेले कपडे असल्या वासांचं इसेन्शियल ऑइल नसतंच, तो वास लॅबमध्येच तयार होतो. मोगरा, जाईसारख्या नाजूक फुलांचा अर्क काढणं इतकं महागडं काम आहे की स्वस्तातली मोगरा कॅन्डल म्हणजे बहुतेक सिंथेटिकच समजायची.

वास मुख्यतः ज्योतीतून येत नाही, तिच्याभोवती जे वितळलेल्या मेणाचं तळं होतं त्यातून तेल हळूहळू उडतं आणि तो वास आपल्यापर्यंत पोचतो. म्हणून पहिल्यांदा पेटवताना ते तळं जारच्या कडेपर्यंत जाईस्तोवर विझवायची नाही, दोन-तीन तास लागले तरी चालतील, नाहीतर पुढे प्रत्येक वेळी मधेच खड्डा पडत जातो आणि कडेचं मेण तसंच वाया जातं. लिंबू, संत्र्याची तेलं पटकन उडून जातात, चंदन, वाळा, पॅचुली रेंगाळतात, त्यामुळे नुसत्या संत्र्यापेक्षा जोडीला वाळा किंवा चंदन असलेलं मिश्रण मला जास्त पटतं. एक मात्र लक्षात ठेवा, इसेन्शियल ऑइलवाल्या कॅन्डलचा वास मंदच असतो. पेटवल्या पेटवल्या अख्ख्या घरात घमघमाट सुटला तर मला उलट शंका येते. मंद आहे म्हणून नाराज होऊ नका, छोट्या खोलीत लावा, बेडरूममध्ये झोपायच्या आधी तासभर लावली तरी पुरते.

वात कापसाची किंवा लाकडाची घ्या. आत तार दिसली तर तिचं टोक कागदावर घासून बघा, पेन्सिलसारखी राखाडी रेघ उठली तर शिसं असू शकतं, ती कॅन्डल पेटवूच नका. अमेरिकेत तर शिशाच्या वातींवर २००३ पासून बंदीच आहे. दरवेळी पेटवायच्या आधी वात साधारण ६ मिलीमीटर ठेवून कापायची, सलग चार तासांपेक्षा जास्त जाळायची नाही आणि तळाशी सेंटीमीटरभर मेण उरलं की थांबायचं. सोय वॅक्सवर पांढरी बुरशीसारखी नक्षी दिसते ती बुरशी नाही, मेण थिजताना असं होतंच, बिनधास्त वापरा.

घरात कोणाला दमा असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवा आणि त्रास वाटला तर लगेच विझवा, नॅचरल वासानेही त्रास होऊ शकतो. मांजर असेल तर टी ट्री आणि लिंबूवर्गीय तेलांच्या कॅन्डल टाळाच, ही तेलं पचवणं त्यांच्या शरीराला जड जातं, आणि दुसरी कुठली लावलीत तरी मांजराला खोलीबाहेर जाता येईल असं दार उघडं असू द्या.