जमीन मुळात कोणाची, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"तुम्ही तर त्यांच्यातल्याच. मग सांगा, जमीन मुळात कोणाची?"

आडनावावरून आधी कोणाला पत्ता लागत नाही. शेवटी 'कर' आहे, माहेर अलिबागकडचं, साडी-चोळीत वाढलेल्या आम्ही. मग कधीतरी मलिद्याचा विषय निघतो, शनिवारी चूल न पेटवणाऱ्या आजीचा निघतो, आणि समोरचा म्हणतो, "अच्छा, म्हणजे ज्यू!" बँकेतल्या नोकरीत हे असंख्य वेळा झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासचा हल्ला आणि गाझाचं युद्ध झालं, त्यानंतर तर सोसायटीच्या लिफ्टमध्येही हा इस्रायल-पॅलेस्टाइनच्या जमिनीचा प्रश्न येतो. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, त्याला फक्त माझी सही हवी असते. कोणाला 'तीन हजार वर्षांपासून त्यांचंच होतं' यावर, कोणाला 'युरोपातून येऊन बळकावलं' यावर. तिसरा मजला येतो, मी सुटते. आज लिफ्ट नाही, म्हणून सांगते.

मला इस्रायलमधलं नीट माहीत आहे ते एकच गाव. तेल अवीवच्या आग्नेयेला, मोठ्या विमानतळाला खेटून. हिब्रूत लोद, अरबीत अल-लिद्द, इंग्रजांच्या नकाशात लिड्डा. माझी धाकटी मावशी १९६१ साली तिथे गेली. काका परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, तिकडे विमानदुरुस्तीत लागले. त्या गावात आपली मराठी माणसं इतकी आहेत की मावशीच्या जिन्यात नारळाच्या रसातल्या मटणाचा वास येतो आणि खालच्या मजल्यावरची आजी कठड्याला टेकून "कधी आलीस गं?" विचारते.

पहिल्यांदा गेले तेव्हा जुन्या बाजारात दगडी कमानींची पडकी घरं पाहिली. मावशीला विचारलं, ही कोणाची? म्हणाली, "अरबांची होती. ते गेले."

गेले. मराठीत हे क्रियापद किती सोयीचं आहे पाहा. माणूस गावाला गेला तरी गेला, वारला तरी गेला. मावशी खोटं बोलत नव्हती. तिला जे सांगितलं गेलं तेच तिनं मला सांगितलं. पण या सगळ्या भांडणाची अर्धी गुंतागुंत 'गेले' आणि 'घालवले' या दोन शब्दांमध्ये आहे, हे मला पुढे वाचनातून कळलं.

१९४७च्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव केला, एक ज्यू राज्य आणि एक अरब. बाजूनं ३३ मतं, विरुद्ध १३, आणि त्या १३ मध्ये भारत. त्या नकाशात लिद्द आणि शेजारचं रामले ही दोन्ही गावं अरब राज्यात होती. १९४८च्या जुलैत, पहिला युद्धविराम संपल्या संपल्या, इस्रायली सैन्यानं ती घेतली. लिद्दमध्ये तेव्हा याफासारख्या ठिकाणांहून पळून आलेले लोकही भरलेले. १२ जुलैला जॉर्डनच्या दोन-तीन चिलखती गाड्या गावात शिरल्या, गोळीबार सुरू झाला, आणि सैनिकांना वाटलं की गाव उठलं. पुढच्या काही तासांत जे झालं त्याला एक बाजू बंडाचा बीमोड म्हणते, दुसरी कत्तल. सैन्याच्या स्वतःच्या अहवालात गावातले सुमारे २५० मृत आहेत, पॅलेस्टिनी मोजणी चारशेच्या वर जाते. दहमश मशिदीत आसरा घेतलेल्यांचं काय झालं, यावर आजही दोन हकिकती आहेत: आतून हल्ला झाला म्हणून मारा केला ही एक, निःशस्त्र माणसांना मारलं ही दुसरी.

पण त्यानंतरच्या गोष्टीवर दोन हकिकती उरत नाहीत. लिद्दच्या रहिवाशांना वयाचा विचार न करता ताबडतोब बाहेर काढा, असा लेखी हुकूम निघाला. खाली सही होती यित्झाक राबिन यांची. तेच, पुढे पंतप्रधान झालेले, १९९४ साली शांततेचं नोबेल मिळालेले आणि १९९५ साली मारले गेलेले. दोन्ही गावांची मिळून ५० ते ७० हजार माणसं जुलैच्या उन्हात पूर्वेकडे चालत निघाली. कितीतरी वाटेत तहानेनं मेली. राबिन यांनी १९७९ साली आत्मचरित्रात हे लिहिलं, तर सरकारी समितीनं तो मजकूर कापला. कापलेला मजकूर न्यूयॉर्क टाइम्सनं छापला. म्हणजे हुकूम देणारा स्वतः 'घालवले' म्हणत होता आणि त्याचंच सरकार त्याला 'गेले' म्हणायला लावत होतं.

हे मी सांगितलं की लिफ्टमधला अर्धा पक्ष खूश होतो. त्यांना पुढचंही ऐकवते. त्याच वर्षी आधी जेरुसलेमच्या ज्यू वस्त्यांचा रस्ता तोडलेला होता, पाणी-धान्याचे ट्रक वाटेत जाळले जात होते. १३ एप्रिलला डॉक्टर, परिचारिका घेऊन इस्पितळाकडे निघालेल्या ताफ्यात ७८ जण मारले गेले. त्याच्या चारच दिवस आधी दैर यासीन गावात ज्यू गटांनी शंभराहून जास्त अरबांना मारलं होतं. मे महिन्यात शेजारच्या अरब देशांच्या फौजा आत आल्या. त्या युद्धात सुमारे सहा हजार ज्यू मेले, लोकसंख्येच्या जवळजवळ एक टक्का. युरोपातल्या छळछावण्या बंद होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. मावशीच्या गल्लीतल्या पोलिश म्हाताऱ्याच्या हातावर नंबर गोंदलेला होता. १९४८ म्हणजे आपण वाचलो, एवढाच अर्थ त्याच्यापाशी होता. त्याला 'नकबा' हा शब्द ऐकवत नसे. नकबा म्हणजे मोठी आपत्ती. तेच वर्ष, सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी निर्वासित झाले त्या बाजूनं मोजलेलं.

शाळेत मावशीच्या मुलांना शिकवलं गेलं की अरब नेत्यांनीच रेडिओवरून 'गावं सोडा' असं सांगितलं. १९५९ ते १९६१च्या दरम्यान पॅलेस्टिनी इतिहासकार वलीद खालिदी आणि आयरिश पत्रकार अर्स्किन चाइल्डर्स यांनी त्या काळच्या प्रसारणांच्या नोंदी तपासल्या, त्यांना असा सर्वसाधारण आदेश सापडला नाही. ऐंशीच्या दशकात इस्रायलची दफ्तरं खुली झाली आणि बेनी मॉरिससारख्या ज्यू इतिहासकारांनीच गावागावाचा हिशेब काढला. कुठे हाकललं, कुठे भीतीनं पळाले, कुठे स्थानिक पुढाऱ्यांनी बायकामुलांना हलवलं. हैफामध्ये तर ज्यू महापौर 'जाऊ नका' म्हणून विनवत होता. एकच उत्तर हवं असणाऱ्यांना हे आवडत नाही. मलाही सुरुवातीला आवडलं नव्हतं. मावशीचं घर डोळ्यांपुढे होतं.

आता कागदांबद्दल, कारण 'मुळात कोणाची' म्हटलं की लोक पुरावा मागतात.

आम्हा बेने इस्रायलींकडे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंकडे, कागद नव्हताच. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि तेल गाळून, शनिवार पाळून आम्ही 'शनवार तेली' झालो, एवढीच आमची बखर. साल विचाराल तर दहा जण दहा सांगतील. मुंबईतलं आमचं १७९६चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, तेसुद्धा लोकांच्या तोंडी 'जुनी मशीद' होतं, आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं म्हणतात. (हे सांगितल्यावर लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.) इस्रायलमध्येही साठच्या दशकात मुख्य धर्मपीठानं शंका काढली: यांची वंशावळ तपासल्याशिवाय लग्नं कशी लावायची? आमच्या लोकांनी जेरुसलेमला ठिय्या दिला, मावशीही गेली होती, आणि १९६४च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या संसदेनं ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत. फुटक्या गलबताच्या गोष्टीवर एका राष्ट्रानं शिक्का मारला. कुठल्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन राहायचा हक्क देणाऱ्या १९५०च्या परतीच्या कायद्यानं दार उघडं होतंच.

त्याच १९५० साली तिथे दुसरा कायदा झाला, गैरहजरांच्या मालमत्तेचा. लिद्दमधून बाहेर काढलेल्यांकडे खरेदीखतं होती, घराच्या किल्ल्या होत्या, कराच्या पावत्या होत्या. तो कागद चालला नाही, कारण कागदाचा धनी हजर नव्हता. काही जण तर देशातच होते, पण आपल्या गावात नव्हते. कायद्याच्या लेखी ते हजर असून गैरहजर. आमच्याकडे गोष्ट होती, कागद नव्हता, आणि आम्हाला घर मिळालं. त्यांच्याकडे कागद होता. ही बाब मी कितीही बाजूंनी फिरवली तरी मला टोचायची थांबत नाही, आणि 'दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर' असं म्हणून मला ती मिटवताही येत नाही.

मावशीच्या समोरच्या दारातल्या बाईंचा कागद मात्र तिसऱ्याच ठिकाणचा. त्या बगदादच्या. इराकनं १९५१ साली देश सोडणाऱ्या ज्यूंची मालमत्ता गोठवली, लाखावर माणसं विमानांनी आणली गेली, उतरली याच लोदच्या विमानतळावर. बगदादच्या घराचं खत त्यांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवलं होतं. तेव्हा त्यांना 'तुम्ही पॅलेस्टिनींचं घेतलं' म्हणणारा माणूस आणि 'आमचं आम्हाला परत मिळालं' म्हणणारा माणूस, दोघंही तो डबा न उघडताच बोलत असतात.

त्या देशात एक प्रयोग झाला. दान बार-ऑन हे इस्रायली मानसशास्त्रज्ञ आणि सामी अदवान हे बेथलेहेमचे शिक्षणतज्ज्ञ, दोघांनी शिक्षकांना एकत्र बसवून इतिहासाचं पुस्तक लिहून घेतलं. एका बाजूला इस्रायली हकिकत, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी, आणि मधे रिकाम्या ओळी, विद्यार्थ्यानं लिहायच्या. बाहेर तेव्हा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटलेला. दोन्हीकडच्या शिक्षणखात्यांनी ते शाळांत चालू दिलं नाही. एवढ्या एका गोष्टीवर मात्र दोन्ही खात्यांचं एकमत झालं.

२०२१च्या मे महिन्यात लोदमध्ये ज्यू-अरब दंगल झाली, सिनेगॉग जाळली, आणीबाणी लागली. दोन्हीकडची माणसं मेली. त्यानंतर वर्षभरानं मी गेले, तर शेजारच्या जिन्यातली अरब बाई मावशीकडे बसलेली. औषधं आणून देते ती मावशीला. माझे वडीलही रेल्वेत होते हे कळल्यावर तिनं सांगितलं की तिचेही रेल्वेत, लिद्दच्या यार्डात. १९४८ साली गावात हजारेक अरब राहिले, त्यांत रेल्वेचे कामगार होते. इंजिनं चालवायला माणसं लागत होती. "आजोबा रामल्लाच्या वाटेनं गेले," ती हिब्रूत म्हणाली, "बाबा इंजिनामुळे राहिले." मावशीनं मला मराठीत भाषांतर करून दिलं आणि या वेळी तिचं वाक्य वेगळं होतं: "तिच्या आजोबांना घालवलं."

ती गेल्यावर मावशी म्हणाली, "इतकी वर्षं शेजारी आहे, हे मला आजच कळलं."

मी म्हटलं, "तू कधी विचारलंस का तिला?"

"अगं, तिनं तरी मला कुठं विचारलं, आम्ही परळ सोडून का आलो ते?"