पंढरपूर: पदस्पर्श दर्शनाची रांग

पंढरपुरात दर्शनाला किती वेळ लागेल, हे आधी तिथीवर ठरतं. म्हणून मी तिकीट काढण्याआधी पंचांग बघतो. दशमी-एकादशी आणि शनिवार-रविवार टाळले की निम्मं काम झालं. आषाढीला रांग पार गोपाळपूरपर्यंत जाते. वयस्कर माणसांना घेऊन पहिल्यांदा जाताना ते दिवस नकोतच.

थेट गाडी नसेल तर मुंबई-सोलापूर मार्गावर कुर्डुवाडीला उतरावं. तिथून सुमारे 50 किलोमीटर, एसटी मिळते.

आधी चंद्रभागा. उजनी धरणातून पाणी सोडलं की पात्र झपाट्यानं भरतं, आणि वाळूउपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नये, पोहता येत असलं तरी. पात्रातल्या पुंडलिकाचं दर्शन घेऊन महाद्वारात यावं. तिथल्या नामदेव पायरीवर पाय द्यायचा नाही, हात लावून नमस्कार करायचा. समोरच चोखोबांची समाधी आहे.

मंदिराच्या रांगा दोन. पदस्पर्शाची, म्हणजे विठोबाच्या पायांवर डोकं ठेवण्याची रांग दर्शनमंडपातून फिरत येते, म्हणजे जिने आणि बराच वेळ उभं राहणं आलं. मुखदर्शनाची, म्हणजे थोड्या अंतरावरून मूर्ती बघण्याची रांग वेगळी, ती खूप लवकर सरकते. गुडघे दुखत असतील तर मी मुखदर्शनच सांगतो. त्यात काही उणं नाही; कळसाला हात जोडून परतणारे वारकरीही वारी पोचली असंच मानतात. मूर्तीच्या किंवा गाभाऱ्याच्या कामासाठी पदस्पर्श बंदही असतो. 2024 मध्ये मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत तो बंद होता, तेव्हा निघण्यापूर्वी मंदिर समितीकडे चौकशी करावी.

रांग अचानक का थांबते? देवाच्या नित्योपचारांमुळे. पहाटे चारच्या सुमारास काकडा आणि पुढे नित्यपूजा, अकराच्या आसपास महानैवेद्य, दुपारी साडेचारला पोशाख, संध्याकाळी सातला धूपारती. तेवढा वेळ पदस्पर्श बंद राहतो आणि मागची गर्दी साचते. नित्यपूजा आटोपल्यावर दर्शन सुरू होतं, तेव्हा पहाटेच रांगेत लागलेलं बरं. सकाळी दहाला उभं राहिलात तर नैवेद्यात अडकण्याची शक्यता जास्त.

मोबाइल आत नेता येत नाही. तो आणि चपला आधीच खोलीवर किंवा ठेवण्याच्या जागी द्याव्यात. पाण्याची छोटी बाटली आणि वेळेची औषधं मात्र खिशात हवीत. एकदा रांगेत शिरल्यावर बाहेर पडून पुन्हा तीच जागा मिळत नाही. पैसे घेऊन झटपट दर्शन घडवतो म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये.

गाभाऱ्यात काही क्षणच मिळतात. टोपी, चष्मा आधीच हातात घ्यावा, तुळशीहार पुडीतून काढून तयार ठेवावा; पुडी सोडण्यातच पाळी निघून जाते. रुक्मिणीमातेचं मंदिर त्याच आवारात, पण वेगळं आहे. बाहेर पडणाऱ्या लोंढ्यात ते सहज राहून जातं, म्हणून ओटीचं सामान ज्याच्या हातात आहे त्याला पुढे चालू द्यावं.