बागुलबुवाच्या घरची मुलगी

आपल्याकडे पोरगं जेवत नसलं की बागुलबुवा येतो. पण खुद्द बागुलबुवाच्या घरी पोरगी ऐकत नसेल तर कोण येतं? 'हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया' बघा, तिथे आपण येतो. म्हणजे माणसं. मशाली आणि लसूण घेऊन.

सिनेमा २०१२ चा, घरात लहान मूल असेल तर बहुतेक पाठ झाला असेल. बायकोला माणसांच्या जमावाने मारलं, पदरात तान्ही मेविस, मग ड्रॅक्युलाने (उडणारा, रक्त पिणारा व्हँपायर, उन्हाचं आणि लसणाचं वावडं) काय करावं तर अख्खं हॉटेलच बांधलं, तेही फक्त भुताखेतांसाठी. सगळी व्यवस्था अगदी चोख. झॉम्बी सामान उचलतात, चेटकिणी हाउसकीपिंगला, आणि दारावर 'डू नॉट डिस्टर्ब'च्या पाटीऐवजी चक्क बोलणारी सुकलेली मुंडकी लटकवलेली, ती सगळ्या गेस्टच्या भानगडी ऐकून असतात. सोसायटीच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले काका आठवले मला.

पण मला परत परत बघावासा वाटतो तो खोट्या गावाचा सीन. '११८ वर्षांची झालीस की बाहेर जा' असं बाप बोलून बसलेला असतो, पोरगी ११८ ची होते, मग आता आली का पंचाईत. तर हा माणूस (माणूस नाही, पण असो) चक्क एक नकली गाव उभं करतो, झॉम्बींना माणसांचे कपडे घालून मशाली देतो आणि पोरीला म्हणतो जा बाई, बघून ये. ती घाबरून परत येते, 'बाबा तुमचंच बरोबर होतं' म्हणते, आणि बापाचा जीव भांड्यात पडतो. अख्ख्या सिनेमात हसता हसता मला भीती वाटली ती फक्त इथे.

आमच्याकडे हे काम फुकटात होतं. पावसाळ्यात ट्रिपचं नाव काढा, आईला ताबडतोब धबधब्यात वाहून गेलेली पोरं आठवतात, मावशीकडे तर फोटोसकट बातमी तयार असते. आणि वैताग असा की ते खोटं नसतंच! ड्रॅक्युलाचंही कुठे खोटं होतं, त्याची बायको खरोखर मेली होती. फक्त ती भीती आता शंभर वर्षं शिळी झालेली आणि हा ती रोज गरम करून पोरीला वाढतोय. बाहेर जग एवढं बदललंय की जोनाथन नावाचा एक सॅकवाला पोरगा फिरत फिरत हॉटेलात शिरतो आणि भुतं खरी आहेत कळल्यावर आधी दचकला तरी मग उलट खूषच होतो.

डायरेक्टर गेंडी टार्टाकोव्स्की, म्हणजे 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी'वाला. कार्टून नेटवर्कवर वाढलेल्यांना ते ताणलेले हातपाय आणि खटकन बदलणाऱ्या पोझेस लगेच ओळखू येतात. तिथे पोरगा आईबापांपासून अख्खी लॅब लपवायचा, इथे बाप पोरीपासून अख्खं जग लपवतो, आणि लपवणाऱ्याची धांदल बघायला दोन्हीकडे तितकीच मजा येते. गोष्ट म्हणाल तर साधीच, शेवट अर्ध्या तासातच कळतो. पण मेविसच्या प्रेमात पडून, बापामुळे हॉटेल सोडून गेलेल्या जोनाथनला परत आणायला उन्हात भाजत विमानाच्या मागे उडणारा ड्रॅक्युला बघताना ते आठवत नाही, आणि तो पायलटला वश करून त्याच्याच तोंडून जोनाथनची माफी मागतो तेव्हा तर मी फुटलोच. शंभर वर्षांचा हट्ट सोडायचा तोही दुसऱ्याच्या तोंडून, बाप लोक असेच.

खरी गंमत २०१५ च्या दुसऱ्या भागात आहे. आता मेविसला मुलगा आहे, ती सगळं हॉटेल बेबीप्रूफ करत सुटलीये, भुतांमध्ये पोर सेफ नाही म्हणून कॅलिफोर्नियाला शिफ्ट व्हायचं तिच्या मनात घोळतंय. आणि ज्याने पोरीला एवढी वर्षं उंबरा ओलांडू दिला नाही तोच आता आजोबा झाल्यावर नातवाला उंच टॉवरवरून खाली सोडतो, का तर उडतोय का बघू. विचारायला गेलात तर म्हणेल, काही होत नाही गं, आमच्या वेळी असंच शिकायचे.