अण्णांचं कानाचं मशीन

ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या रात्री अण्णा मला म्हणाले, "ताई, तिकीट? पुढं सरका, गारगोटीचे मागं कशाला थांबलाय?" ३४ वर्षं एसटीत कंडक्टर होते ते. पलंगाचा कठडा एका हातानं गच्च धरलेला, दुसऱ्या हातानं सलाईनची नळी ओढत होते. मी त्यांची मुलगी आहे हे त्यांना ओळखूच येत नव्हतं.

वय ८२. न्हाणीत घसरून खुबा मोडला. कोल्हापुरात दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पुढं असं काही होऊ शकतं, हे मात्र आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. नळ्या उपसतील म्हणून त्या रात्री त्यांचे हात बँडेजनं कठड्याला बांधले. अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर, तिच्यावर राग धरवत नाही. पण ते बांधलेले हात डोळ्यांपुढून जात नाहीत. मामा म्हणाले, "डोक्यावर परिणाम झालाय." मी जिन्यात बसून रडले.

सकाळी फिजिशियन मॅडम आल्या. त्यांनी सांगितलं, याला डेलिरियम म्हणतात. आमची आजी "वात झालाय" म्हणायची, ते हेच. दुखणं, औषधं, झोपमोड, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, कमी झालेलं सोडियम, म्हातारपणी यातलं काहीही पुरतं. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. हे एकाएकी येतं आणि दिवसभरात कमीजास्त होतं. कारण सापडलं की बहुतेक वेळा उतरतंही. मग त्यांनी विचारलं, "यांना ऐकू येतं ना?"

कानाचं मशीन माझ्या पर्समध्ये होतं. चष्मा आणि कवळीही. ऑपरेशनला नेताना काढून माझ्या हातात दिलेलं, हरवायला नको म्हणून मी जपून ठेवलेलं. तीन दिवस अण्णा न ऐकता, धड न बघता अनोळखी खोलीत पडून होते.

रक्त तपासलं, सोडियम उतरलं होतं, त्याचे उपचार सुरू झाले. लघवीची नळी काढली. पलंग खिडकीशी घेतला, समोर घड्याळ लावलं, दिवसा खुर्चीत बसवायला लागलो. पाचव्या दिवशी मी नेहमीसारखी कानाशी जाऊन बोलले तर म्हणाले, "ओरडू नकोस, ऐकू येतंय."

त्याच मॅडमनी मलाही विचारलं होतं, "तुम्ही शेवटच्या कधी झोपलात?" मला सांगता येईना. वडिलांना दुसऱ्याच्या भरवशावर टाकून घरी जायचं म्हणजे कर्तव्य चुकवणं, असंच वाटायचं मला. त्या दिवशी वहिनीला फोन केला. ती एका शब्दानं म्हणाली, "येते." एक रात्र तिची, एक माझी, मध्ये दोन रात्री नर्सिंग ब्यूरोकडून पगारी बोलावलेल्या ताई. दुबईचा भाऊ रोज फोनवर "काळजी घे" म्हणायचा. त्याच्याकडे मेडिक्लेमची सगळी कागदपत्रं दिली, वर रोज संध्याकाळी ७ वाजता अण्णांशी व्हिडिओवर बोलायचं काम. त्यानं एक दिवसही चुकवला नाही. पहिल्याच दिवशी मागायला हवं होतं हे सगळं.

तुमचं माणूस ॲडमिट होत असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच विचारा, शुद्धीवर आल्या आल्या चष्मा आणि मशीन परत लावता येईल का. घरी रोज कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही लिहून द्या. आणि आपलं माणूस एकाएकी वेगळं वागायला लागलं तर "वयामुळं होतं" एवढ्यावर गप्प बसू नका, डॉक्टरांना बोलवा.

अण्णा आता वॉकर घेऊन तुळशीपर्यंत जातात. पुढच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मशीनच्या जादा बॅटऱ्या आणून ठेवल्यात, आणि वहिनीनं तिचे दिवस आधीच सांगितलेत.