चातुर्मासात जनरेटर फिरवणारा माणूस

श्रावणात पारोळ्याच्या टपरीवर चहाला थांबलो की कुणी ना कुणी विचारतंच, "कोठे लगीन शे रे भो?" कारण माझ्या पिकअपच्या मागे दोन चाकांचा जनरेटर जोडलेला असतो आणि हौद्यात मात्र एक खुर्ची नसते. चातुर्मासात कुठलं लगीन! मी अमळनेरहून निघतो, पारोळ्याला हायवेला लागतो, एरंडोलपर्यंत जातो आणि परत येतो. दर पंधरा दिवसांनी, फुकट. घरच्यांनाही हे पटलेलं नाही, म्हणून एकदा लिहून टाकतो.

धंदा मंडपाचा. आप्पांनी सुरू केला, मी वाढवला. आधीची पिकअप 2009 ची. चढावर अशी काळी फेकायची की मागचा मोटारसायकलवाला दिसेनासा व्हायचा. आप्पांना त्याचं कौतुक. धूर जितका काळा तितकी गाडीत ताकद, हा त्यांचा हिशेब. खरं तर काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, म्हणजे आपलेच पैसे. ते कळायला मला मंडपाचा पांढरा कपडा कारणीभूत झाला. हौद्यात मागच्या बाजूला पडद्यांचे गठ्ठे असायचे. लांबचं लग्न असलं की वरच्या दोन घड्या राखाडी होऊन उतरायच्या. जनरेटरची पुढची बाजू तर कायमची काजळलेली.

2021 मध्ये नवी घेतली. 1 एप्रिल 2020 पासून देशभर नवी गाडी बीएस 6 चीच मिळते (बीएस म्हणजे धुराचा सरकारी नियम, आकडा जितका मोठा तितका कडक), त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. सायलेन्सरच्या जागी हा एवढा मोठा डबा, त्यात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. इंजिनावर ईजीआर, जळलेला थोडा वायू पुन्हा आत घेणारा. हे किती कडक आहे ते कारच्या आकड्यांवरून कळतं: डिझेल कारला बीएस 4 मध्ये किलोमीटरला 25 मिलिग्रॅम काजळी चालायची, बीएस 6 मध्ये 4.5. पडदे पांढरे राहू लागले. मी खूश.

पहिला उन्हाळा छान गेला. 40 केव्हीएचा जनरेटर, ट्रॉली धरून दीड टनाच्या आसपास, तो मागे आणि हौद्यात पाइप, कनाती, भांडी. चाळीसगावकडून कन्नडचा घाट दोनदा चढलो. भुसावळच्या पंचेचाळीस डिग्रीत गाडी दिवसभर उभी. काही नाही. मग आषाढ लागला, लग्नं थांबली, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. चार दिवसांनी गाडी ओढेना. ॲक्सिलरेटर दाबला तरी बैलगाडीच्या चालीने चाललेली. शेजारचे नाना म्हणाले, "गाडी बिमार शे का?"

सगळ्यांचं निदान एकच: उन्हाळाभर जास्त वजन ओढलंस, आता भोग. मलाही पटलं. जनरेटर सोडून ठेवला, गाडीला आराम दिला. आराम म्हणजे काय, तर गोडाऊन ते गाव चार किलोमीटर, तिथून बँक, तिथून किराणा, आणि अर्धा वेळ इंजिन चालू ठेवून गप्पा. दिवा आणखी लवकर लागायला लागला.

मी डिझेलची वही ठेवतो. टाकी फुल ते टाकी फुल, किलोमीटर, काय भरलं होतं, कुठे गेलो. ती वही चाळताना गोष्ट लक्षात आली. चैत्र-वैशाखात जनरेटर ओढून साडेचार हजार किलोमीटर झाले आणि दिवा एकदाही नाही. आषाढ ते भाद्रपद जेमतेम अकराशे किलोमीटर, तेही रिकामी, आणि दिवा तीनदा.

धुळ्याच्या एका मिस्त्रीने स्कॅनर लावून ते उलगडून सांगितलं. जाळीत अडकलेली काजळी जाळावी लागते. गाडी भरून, सलग, टॉप गियरला चालली की धूरच इतका तापतो की तीनशे-साडेतीनशे डिग्रीला काजळी आपोआप झिजत राहते. नाही चालली, तर काजळी एका हद्दीला पोचल्यावर गाडी स्वतः जास्तीचं डिझेल सोडून जाळीचं तापमान सहाशेच्या आसपास नेते. याला रिजनरेशन म्हणतात. त्याला पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं. आपण सातव्या मिनिटाला किराणा दुकानापुढे चावी काढतो. काम अर्धवट. पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. "तुन्ही गाडीनं पोट साफ नही व्हयनं," मिस्त्री म्हणाला. एवढ्यावर मला सगळं समजलं.

अर्धवट रिजनरेशनची आणखी एक खूण आहे, ती कुणी सांगत नाही. इंजिन ऑइल वाढतं. जाळी तापवायला सोडलेलं डिझेल थोडं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये झिरपतं. माझ्या गाडीत ऑइल मोजायच्या काडीवर ते वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. आप्पांना दाखवली तर म्हणाले, बरं झालं की, ऑइल घालायला नको! पण ते पातळ झालेलं ऑइल असतं. मी त्याच दिवशी बदललं, आणि कमी राख करणाऱ्या ग्रेडचंच घेतलं. कारण काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही. ती जाळीत साठतच जाते.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे सहाशे डिग्री किती ते कळेल. बेटावदकडे एका मळ्यात लग्न होतं, नुकताच गहू काढलेला. मी गाडी सरळ काडाच्या थरावर नेऊन उभी केली आणि पोरं सामान उतरवत होती म्हणून इंजिन चालूच ठेवलं. रेस जरा चढलेली, पंखा घोंघावत होता, गरम पत्र्याचा वास येत होता, म्हणजे रिजनरेशन चालू होतं. मी वरण-बट्टीच्या चुलीकडे बघत बसलो. खालून धूर आला तो आधी चुलीचाच वाटला. आचाऱ्याने पाण्याचा ड्रम उलटा केला म्हणून निभावलं. आता काड, कडबा, केळीचा सुका पाला, यावर गाडी उभी करत नाही.

त्या हंगामात एका गॅरेजवाल्याने उपाय सुचवला: डबा कापतो, जाळी काढून पोकळ करतो, कॉम्प्युटरला गप्प करतो, परत कधी दिवा नाही. मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण माल वाहणाऱ्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेसची सरकारी तपासणी लागते, आणि माझ्या डोळ्यांपुढे राखाडी पडदे होते. धुलाईचा खर्च धरला तर तो उपाय मला महागच होता.

आमचे दाजी सावद्याहून दिल्लीला केळी नेतात, सहा चाकी. त्यांच्या गाडीला वेगळी युरियाची टाकी आहे. ते पाणी म्हणजे 32.5 टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. धुरातला नायट्रोजन ऑक्साइड त्याने मोडतो. दाजींचा हिशेब: 45 किलोची खताची गोणी 266 रुपये 50 पैशांना, वीस लिटरच्या बादलीत युरिया जेमतेम सात किलो, म्हणजे चाळीस-बेचाळीस रुपयांचा माल, आणि बादलीला हजाराच्या घरात पैसे! घरीच कालवू या का? मी म्हटलं, दाजी, खताच्या युरियाला निंबोळी तेल लावलेलं असतं, 2015 पासून सगळ्याच. ते तेल आणि खतातली घाण त्या फवारणीच्या बारीक नळीत बसली की बेचाळीस रुपये लाखात जातील. वर सबसिडीचं खत दुसरीकडे वापरणं हा गुन्हा. आणि लागतंच किती, तर डिझेलच्या तीन ते पाच टक्के. शंभर लिटर डिझेल जळतं तेव्हा दीडशे ते अडीचशे रुपयांचं युरिया-पाणी. दाजींनी बेत सोडला, पण बादलीला शिव्या अजून देतात.

राहिलं ॲव्हरेज, त्याबद्दल सगळेच विचारतात. माझ्या वहीतले आकडे, लिटरला किलोमीटर: रिकामी 13, मंडपाचं सामान भरून पावणेअकरा, जनरेटर जोडून साडेआठ. हे साठच्या वेगाला. ऐंशीला नेली की जनरेटरसकट सातवर येते, कारण तो उभा चौकोनी डबा वारा कापत नाही, ढकलतो. साक्रीकडे जाताना आणखी मार. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या काही शोभेला उभ्या केलेल्या नाहीत. पंखे माझ्याकडे तोंड करून जोरात फिरत असतील तर मी पंचावन्नच्या वर जात नाही. घरून निघण्याआधी ट्रॉलीच्या टायरमधली हवा बघतो, ती कुणीच बघत नाही. आणि खरं सांगू, लग्नाच्या रात्री अर्ध्या लोडवर जनरेटर तासाला पाच-एक लिटर पितो. पिकअपच्या अर्ध्या लिटरसाठी मी भांडतो आणि डीजेवाला तिकडे पहाटेपर्यंत लाइटा चालू ठेवतो.

तर श्रावणातली ही फेरी त्यासाठी. मुद्दाम वजन जोडायचं, सलग पाऊण तास हायवेला चालवायचं, मध्ये चावी काढायची नाही. चहा पारोळ्याला, पण परत येताना. मागच्या दोन पावसाळ्यांत दिवा लागलेला नाही. जाळीतल्या राखेचा प्रश्न मात्र आहेच, ती काढून धुवावी लागणार. गाडी 86 हजारांवर आली आहे. ते तुळशीच्या लग्नाआधी उरकायचं, कारण एकदा तारखा सुरू झाल्या की मिस्त्रीलाही वेळ नसतो आणि मलाही.